डॉ. ॲन्सन जोन्स : जीवन, पत्रव्यवहार आणि टेक्सासचे विलीनीकरण

सारांश

टेक्सास प्रजासत्ताकाचे अखेरचे अध्यक्ष डॉ. ॲन्सन जोन्स (१७९८–१८५८) हे मूळचे वैद्यकीय व्यावसायिक होते. परराष्ट्रमंत्री आणि अध्यक्ष या नात्याने जमविलेला पत्रव्यवहार त्यांनी उत्तरायुष्यात स्वतः संपादित केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८५९ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. मूळ पत्रे आणि त्यांवर मागाहून लिहिलेले शेरे या ग्रंथात एकत्र आले आहेत. प्रस्तुत निबंधात जोन्स यांच्या जीवनाचा आढावा घेऊन या दोन प्रकारच्या साधनांतील फरक स्पष्ट करण्याचा आणि टेक्सासच्या विलीनीकरणातील त्यांच्या भूमिकेचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : टेक्सास प्रजासत्ताक, विलीनीकरण, राजनैतिक पत्रव्यवहार, शेरे, साधनचिकित्सा.

प्रस्तावना

२ मार्च १८३६ रोजी टेक्सासने मेक्सिकोपासून स्वातंत्र्य घोषित केले आणि २९ डिसेंबर १८४५ रोजी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक राज्य म्हणून त्याचा स्वीकार झाला. सुमारे दहा वर्षांचे हे स्वतंत्र अस्तित्व सामान्यतः सॅम ह्यूस्टन यांच्या नावाने ओळखले जाते. सॅन जॅसिंटोच्या लढाईचे विजयी सेनापती, दोन वेळा अध्यक्ष आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य असा त्यांचा लौकिक होता. त्या तुलनेत ज्यांच्या कारकिर्दीत विलीनीकरण प्रत्यक्षात आले ते डॉ. ॲन्सन जोन्स उपेक्षित राहिले. ही उपेक्षा जोन्स यांना जिव्हारी लागली आणि तिला उत्तर म्हणून त्यांनी आपला कागदपत्रांचा संग्रह अभ्यासकांपुढे ठेवला.

मराठी इतिहास-अभ्यासकाला या संग्रहाने उभा केलेला प्रश्न अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, तेव्हा अस्सल पत्रे आणि बखरी यांच्या प्रामाण्यातील भेद त्यांनी आग्रहाने मांडला. घटना घडत असताना लिहिलेले पत्र आणि घटनेनंतर कित्येक वर्षांनी, परिणाम ठाऊक असताना रचलेले कथन यांना एकच मोल देता येत नाही, हे त्या भेदाचे सार आहे. जोन्स यांच्या ग्रंथात ही दोन्ही साधने एकाच पृष्ठावर, एकाच व्यक्तीच्या हातून आलेली आढळतात.

जडणघडण : अपयशी व्यवसायाची वर्षे (१७९८–१८३३)

जोन्स यांचा जन्म २० जानेवारी १७९८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन येथे झाला. त्या काळी वैद्यकीय व्यवसायासाठी महाविद्यालयीन पदवी आवश्यक नव्हती. अनुभवी वैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून स्थानिक वैद्यक मंडळाचा परवाना मिळविणे पुरेसे असे. जोन्स यांना १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ओनायडा वैद्यक मंडळाचा परवाना मिळाला. तथापि बेनब्रिज व नॉर्विच येथे त्यांचा जम बसला नाही. नशीब काढण्यासाठी पश्चिमेकडे निघाले असता फिलाडेल्फियात एका सावकाराने कर्जापोटी त्यांना अटक करविली. त्यामुळे तेथेच थांबून त्यांनी दवाखाना उघडला आणि शाळेत अध्यापनही केले.

१८२४ पासून दोन वर्षे ते व्हेनेझुएलात होते. परतल्यानंतर १८२७ मध्ये फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजातून त्यांनी एम. डी. पदवी संपादन केली. पदवीनेही आर्थिक स्थैर्य लाभले नाही. १८३२ मध्ये वैद्यकाला रामराम ठोकून त्यांनी न्यू ऑर्लिन्स येथे अडत्याचा व्यापार सुरू केला. पटकी आणि पीतज्वराच्या साथींनी ग्रासलेल्या त्या शहरात त्यांचा व्यापारही बुडाला. ऑक्टोबर १८३३ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरले ते जवळजवळ रिकाम्या हातांनी.

ब्रॅझोरिया येथील परिस्थिती पाहून त्यांनी परतीच्या जहाजाची तजवीजही केली होती. परंतु जॉन व्हार्टन आदी स्थानिक प्रतिष्ठितांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला. वसाहतीला प्रशिक्षित वैद्याची निकड होती. अल्पावधीतच त्यांची वार्षिक प्राप्ती सुमारे पाच हजार डॉलरपर्यंत पोहोचली. आयुष्यात प्रथमच लाभलेले हे स्थैर्य गमावण्याची भीती त्यांच्या पुढील सावध राजकारणामागे असावी, असे मानण्यास जागा आहे. मेक्सिकोशी संघर्ष चिघळू लागला तेव्हा त्यांनी प्रथम संयमाचाच सल्ला दिला. मात्र डिसेंबर १८३५ मध्ये कोलंबिया येथील जाहीर सभेत स्वातंत्र्य घोषित करण्यासाठी परिषद बोलवावी, असा ठराव त्यांनीच मांडला.

वैद्यकाकडून राजकारणाकडे (१८३६–१८४१)

२१ एप्रिल १८३६ रोजी झालेल्या सॅन जॅसिंटोच्या लढाईत जोन्स दुसऱ्या रेजिमेंटचे शल्यचिकित्सक होते. तरीही पायदळातील साधा शिपाई हे आपले स्थान कायम राहावे, असा त्यांचा आग्रह होता. युद्धानंतर काही काळ सैन्याच्या औषध विभागाची जबाबदारी सांभाळून ते ब्रॅझोरियाला परतले.

१८३७ मध्ये ते टेक्सासच्या दुसऱ्या काँग्रेसवर निवडून आले. तेथे वैद्यकीय व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्याला त्यांनी साहाय्य केले आणि समान शिक्षणपद्धती व विद्यापीठासाठी जमिनीचे दान यांचा पुरस्कार केला. परराष्ट्र व्यवहारांच्या संदर्भात त्यांचे महत्त्वाचे पाऊल म्हणजे अमेरिकेपुढे पडून असलेला विलीनीकरणाचा प्रस्ताव मागे घेण्याचा ठराव. गुलामगिरीच्या प्रश्नामुळे अमेरिकेतील उत्तरेकडील राज्ये या प्रस्तावाच्या विरोधात होती. जून १८३८ मध्ये ह्यूस्टन यांनी त्यांची वॉशिंग्टन येथे टेक्सासचे राजदूत म्हणून नियुक्ती केली आणि तो प्रस्ताव औपचारिकपणे मागे घेण्याचे काम त्यांच्याकडेच आले. याचना करणाऱ्याला किंमत नसते, नकार देऊ शकणाऱ्याला असते. जोन्स यांच्या पुढील परराष्ट्रनीतीचे सूत्र येथेच दिसू लागते.

१८३९ मध्ये नवे अध्यक्ष मिराबो लामार यांनी त्यांना परत बोलावले. परतल्यावर ते टेक्सासच्या सिनेटवर निवडून आल्याचे त्यांना कळले. लामार यांच्या खर्चिक धोरणाचे ते कठोर टीकाकार ठरले. १७ मे १८४० रोजी त्यांनी मेरी स्मिथ मॅक्रोरी यांच्याशी विवाह केला. १८४१ मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी नाकारून ते पुन्हा वैद्यकीय व्यवसायाकडे वळले; परंतु ह्यूस्टन दुसऱ्यांदा अध्यक्ष होताच त्यांनी जोन्स यांना परराष्ट्रमंत्रिपद दिले.

परराष्ट्र खाते आणि पत्रव्यवहाराचे जाळे (१८४१–१८४४)

तिजोरी रिकामी आणि कागदी चलन जवळजवळ मूल्यहीन, अशा अवस्थेत हे पद त्यांच्याकडे आले. १८४२ मध्ये मेक्सिकोच्या फौजांनी मार्च व सप्टेंबर महिन्यांत दोनदा सॅन अँटोनियो ताब्यात घेतले. सैन्य उभारण्याची ऐपत नसलेल्या या राज्याचे खरे शस्त्र म्हणजे पत्र होते. ब्रॅझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन या लहानशा गावातून, जेथे सरकारी कचेऱ्या तात्पुरत्या हलविल्या होत्या, जोन्स यांचा वॉशिंग्टन, लंडन व पॅरिस या राजधान्यांशी पत्रव्यवहार चाले. अमेरिकेतील राजदूत आयझॅक व्हॅन झँट आणि इंग्लंड-फ्रान्समधील राजदूत डॉ. ॲशबेल स्मिथ हे त्यांचे प्रमुख पत्रलेखक होते. स्मिथ हेही वैद्यकाकडून राजकारणात आले होते. लंडनहून निघालेले पत्र हाती पडण्यास अनेक आठवडे लागत. तोवर परिस्थिती पालटलेली असे. त्यामुळे या पत्रांत आज्ञेपेक्षा अंदाज आणि आदेशापेक्षा विश्वास अधिक आढळतो.

गॅल्व्हेस्टन येथे नेमलेले ब्रिटनचे प्रतिनिधी कॅप्टन चार्ल्स इलियट यांचा पूर्वेतिहास भारताशी निगडित आहे. १८३९ मध्ये कँटन येथे ब्रिटिश व्यापाऱ्यांकडील वीस हजारांहून अधिक अफूच्या पेट्या चिनी अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करण्याचा निर्णय इलियट यांचाच होता. त्या व्यापारातील माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. पुढे अफूयुद्धातील त्यांच्या वाटाघाटी ब्रिटिश सरकारला पसंत पडल्या नाहीत आणि त्यांची बदली टेक्साससारख्या दूरच्या ठिकाणी झाली. जोन्स आणि इलियट यांच्यात निकटचा स्नेह निर्माण झाला. जोन्स यांनी आपल्या एका पुत्राचे नाव चार्ल्स इलियट ठेवले होते, यावरून त्याची कल्पना येते.

ब्रिटनला टेक्साससारखा अमेरिकेहून स्वतंत्र कापूसपुरवठादार आणि आपल्या मालासाठी खुली बाजारपेठ हवी होती. शिवाय तेथील गुलामगिरी संपावी, अशीही परराष्ट्रमंत्री लॉर्ड ॲबर्डीन यांची इच्छा होती. याच कारणामुळे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ब्रिटनविषयी भय पसरले. एप्रिल १८४४ मध्ये झालेला विलीनीकरणाचा करार अमेरिकी सिनेटने ८ जून १८४४ रोजी ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला, तेव्हा हे भयच जोन्स यांचे सर्वांत मोठे भांडवल ठरले.

आदेश जो पाळला गेला नाही

१८४४ च्या उन्हाळ्यात लॉर्ड ॲबर्डीन यांनी स्मिथ यांच्यापुढे एक योजना मांडली. ब्रिटन, फ्रान्स आदी सत्तांनी एकत्रित राजनैतिक करार करून टेक्सासच्या स्वातंत्र्याची व सीमांची हमी द्यावी, असा तिचा आशय होता. स्मिथ यांचे खलिते पोहोचल्यानंतर २४ सप्टेंबर १८४४ रोजी अध्यक्ष ह्यूस्टन यांनी परराष्ट्रमंत्री जोन्स यांना ही योजना पूर्णत्वास नेण्याच्या सूचना स्मिथ यांना पाठविण्यास सांगितले. जोन्स यांनी त्या सूचना पाठविल्या नाहीत. त्याच महिन्यात झालेल्या निवडणुकीत एडवर्ड बर्लसन यांचा पराभव करून ते अध्यक्षपदासाठी निवडून आले होते. ९ डिसेंबर रोजी सूत्रे त्यांच्याच हाती येणार होती.

या आदेशपत्रावर जोन्स यांनी शेरा लिहून ठेवला आहे. आपण हा आदेश पाळला असता तर विलीनीकरण कायमचे बारगळले असते, असा त्याचा भावार्थ आहे. सरकारी कचेरीत घडी घातलेल्या पत्राच्या पाठीवर प्रेषक, दिनांक आणि विषय नोंदविण्याची पद्धत होती. जोन्स यांनी मात्र या जागेचा उपयोग निवाडा देण्यासाठी केला. कोणाचा हेतू काय होता, कोणी कोणाचा विश्वासघात केला, श्रेय कोणाचे, हे सारे शेऱ्यांत आले.

या ठिकाणी साधनांचा भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. ह्यूस्टन यांचा आदेश हे अस्सल पत्र आहे. तो अमलात आला नाही हेही निर्विवाद आहे. परंतु तो *का* अमलात आला नाही, याचे उत्तर केवळ शेऱ्यात आहे, आणि विलीनीकरणाचे श्रेय मागणाऱ्या व्यक्तीने ते दिलेले आहे. काही आठवड्यांत अध्यक्ष होणाऱ्या माणसाला मावळत्या अध्यक्षाने आपले हात बांधून ठेवू नयेत असे वाटणे, हेही तितकेच संभवनीय कारण आहे. पत्रातून कृती सिद्ध होते. शेऱ्यातून हेतू सिद्ध होत नाही.

दोन पर्याय, एक निर्णय (१८४५)

१ मार्च १८४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन टायलर यांनी विलीनीकरणाच्या संयुक्त ठरावावर स्वाक्षरी केली. सिनेटमध्ये तो २७ विरुद्ध २५ अशा निसटत्या बहुमताने संमत झाला होता. अमेरिकेचे प्रतिनिधी अँड्र्यू जॅक्सन डोनेल्सन हा प्रस्ताव घेऊन पोहोचण्यापूर्वीच इलियट आणि फ्रान्सचे प्रतिनिधी काउंट द सालिन्यी यांनी घोड्यावरून जोन्स यांना गाठले. २९ मार्च रोजी जोन्स यांनी तीन महिने विलीनीकरणाबाबत निर्णय न घेण्याचे मान्य केले आणि मेक्सिकोशी करावयाच्या प्राथमिक कराराच्या अटींवर टेक्सासच्या वतीने स्मिथ यांची स्वाक्षरी झाली. टेक्सासने अन्य कोणत्याही देशात विलीन न होण्याचे वचन दिल्यास मेक्सिकोने त्याचे स्वातंत्र्य मान्य करावे, ही मुख्य अट होती. आपण चार्ल्स्टनला जात असल्याचे भासवून इलियट गुप्तपणे मेक्सिकोला रवाना झाले. पांढऱ्या टोपीमुळे त्यांच्या या प्रवासाची वार्ता फुटली आणि वृत्तपत्रांत गहजब उडाला.

टेक्सासमधील लोकमत विलीनीकरणाच्या बाजूने प्रचंड बहुमताने झुकले होते. अध्यक्ष ब्रिटनला विकले गेले आहेत, असा आरोप सुरू झाला. जोन्स यांच्या प्रतिमेचे दहन झाले. सरकार उलथविण्याच्या धमक्या आल्या. त्यांनी १६ जून रोजी काँग्रेस आणि ४ जुलै रोजी घटना परिषद बोलावली आणि ४ जून रोजी मेक्सिकोने शांततेची तयारी दर्शविल्याचे जाहीर केले. अमेरिकेत विलीनीकरण किंवा मान्यताप्राप्त स्वातंत्र्य असे दोन्ही पर्याय प्रथमच एकाच वेळी टेक्सासच्या नागरिकांपुढे आले. काँग्रेसने मेक्सिकोचा प्रस्ताव नाकारला आणि विलीनीकरण स्वीकारले. घटना परिषदेत केवळ एक मत विरोधात पडले.

१९ फेब्रुवारी १८४६ रोजी सत्तांतराच्या समारंभात प्रजासत्ताकाचे अस्तित्व संपल्याचे घोषित करून जोन्स यांनी सूत्रे नवे राज्यपाल पिंक्नी हेंडरसन यांच्याकडे सोपविली. त्या वेळी ते अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

उत्तरायुष्य आणि ग्रंथाची सिद्धता (१८४६–१८५९)

सिनेटच्या दोन जागांपैकी एक आपल्याला मिळेल, अशी जोन्स यांची अपेक्षा होती. त्या जागा ह्यूस्टन आणि टॉमस रस्क यांना मिळाल्या. जोन्स आपल्या 'बॅरिंग्टन' या मळ्यावर राहू लागले. जन्मगावाचे नाव दिलेला हा मळा गुलामांच्या श्रमावर चालत असे. आर्थिकदृष्ट्या ते संपन्न होते. १८५३ मध्ये टेक्सासच्या वैद्यक संघटनेच्या स्थापनेतही त्यांचा सहभाग होता. तथापि १८४९ मध्ये झालेल्या अपघातात डावा हात निकामी झाल्यानंतर ते अधिकाधिक अंतर्मुख आणि कडवट होत गेले. पहिल्या पुत्राचे नाव त्यांनी मोठ्या आदराने सॅम्युएल ह्यूस्टन ठेवले होते. पुढे ते बदलून सॅम्युएल एडवर्ड करण्यात आले. दोघांच्या संबंधांचा इतका बोलका पुरावा अन्य कोणत्याही पत्रात मिळणे कठीण आहे.

याच मनःस्थितीत त्यांनी आत्मवृत्त, रोजनिशीतील उतारे आणि निवडक पत्रव्यवहार यांची मांडणी केली. १८५७ मध्ये रस्क यांचे निधन झाले आणि विधिमंडळाने ह्यूस्टन यांनाही पुन्हा निवडले नाही. आता तरी आपला विचार होईल अशी जोन्स यांना आशा वाटली. परंतु त्यांना एकही मत मिळाले नाही. त्यांनी मळा मूल्याच्या सुमारे चतुर्थांश किमतीला विकला. ९ जानेवारी १८५८ रोजी ह्यूस्टन शहरातील ज्या इमारतीत एकेकाळी प्रजासत्ताकाचे विधिमंडळ भरत असे आणि जिचे पुढे उपाहारगृहासह निवासगृह झाले होते, तेथे त्यांनी आत्महत्या केली. पुढील वर्षी, १८५९ मध्ये, न्यूयॉर्कच्या ॲपल्टन या प्रकाशनसंस्थेने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. जे न्यायालय त्यांना हवे होते ते भरले, पण तेव्हा फिर्यादी हयात नव्हता.

मूल्यमापन

जोन्स यांचा ग्रंथ दीर्घकाळ दोन टोकांच्या दृष्टींनी वाचला गेला. ह्यूस्टनसमर्थकांनी तो द्वेषाचा आविष्कार मानला, तर इतरांनी जोन्स यांना 'विलीनीकरणाचे शिल्पकार' ठरविले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी परिस्थिती बदलली. जॉर्ज गॅरिसन यांनी संपादित केलेला टेक्सास प्रजासत्ताकाचा राजनैतिक पत्रव्यवहार १९०८ ते १९११ या काळात प्रसिद्ध झाला आणि एफ्राइम ॲडम्स यांनी ब्रिटिश दप्तरातील कागद उजेडात आणले. त्यामुळे जोन्स यांनी छापलेली पत्रे अन्य दप्तरांशी ताडून पाहणे शक्य झाले. १९४८ मध्ये हर्बर्ट गॅम्ब्रेल यांनी लिहिलेल्या चरित्राने या साधनांच्या आधारे जोन्स यांचे व्यक्तिमत्त्व सहानुभूतीने, पण चिकित्सकपणे मांडले.

समकालीन पत्रांच्या आधारे एवढे म्हणता येते की जोन्स विलीनीकरणाचे शत्रू नव्हते आणि आरंभापासून केवळ त्यासाठीच झटणारे एकनिष्ठ पुरस्कर्तेही नव्हते. दुर्बल राज्यापुढे एकाहून अधिक मार्ग खुले ठेवणे, हे त्यांचे धोरण होते. त्या धोरणाला गुप्तता अपरिहार्य होती आणि गुप्ततेची किंमत म्हणजे लोकांचा अविश्वास. उत्तरायुष्यातील शेऱ्यांनी या अनिश्चिततेला पूर्वनियोजित योजनेचे रूप दिले. ज्यात प्रत्यक्षात चाचपडणे होते, तेथे त्यांना मागाहून दूरदृष्टी दिसली.

या संग्रहाची आणखी एक मर्यादा नमूद करणे आवश्यक आहे. श्रेय कोणाचे, हा वाद दोन मळेमालक राजकारण्यांतील आहे. ज्यांच्या भवितव्याचा निर्णय विलीनीकरणाने झाला त्या गुलामांचा, टेक्सासमधील मेक्सिकन रहिवाशांचा आणि मूळ निवासी जमातींचा आवाज त्यात उमटत नाही. टेक्सासच्या १८३६ च्या राज्यघटनेने गुलामगिरीला संरक्षण दिले होते आणि विलीनीकरणाने ते अधिक दृढ झाले. बॅरिंग्टनच्या शेतात राबणाऱ्यांनी पत्रे लिहिली नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर शेरेही पडले नाहीत.

निष्कर्ष

१. जोन्स यांचा ग्रंथ टेक्सासच्या परराष्ट्रनीतीचे महत्त्वाचे साधन आहे. मात्र त्यातील पत्रे आणि शेरे यांचे प्रामाण्य स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.

२. सप्टेंबर १८४४ चा आदेश अमलात न आणण्याची त्यांची कृती ऐतिहासिकदृष्ट्या निर्णायक होती. तिच्यामागील हेतूबाबत त्यांची स्वतःची साक्ष पुरेशी मानता येत नाही.

३. १८४५ मध्ये त्यांनी नागरिकांपुढे दोन्ही पर्याय ठेवले. या कृतीने त्यांची लोकप्रियता नष्ट झाली. पण निवड मात्र लोकप्रतिनिधींच्या हाती राहिली.

४. वैयक्तिक उपेक्षेच्या वेदनेतून संपादित झालेले साधन त्याज्य ठरत नाही. कागद राखून ठेवण्यामागे जी वेदना होती, तिचेच ठसे त्या कागदांवर आहेत. संशोधकाने ते पुसून टाकू नयेत. पत्राची शाई कोणती आणि शेऱ्याची कोणती, एवढे ओळखावे.